शनीच्या अंगणातली परकी फीबी

पंचांगात ‘शनी वक्री’ असे छापलेले असते तेव्हा शनी खरोखर मागे वळलेला नसतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने त्याला ओलांडून जाते आणि तेवढ्या काळापुरता तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकल्यासारखा दिसतो. आपली गाडी शेजारच्या गाडीच्या पुढे निघाली की ती क्षणभर मागे जातेय असे वाटते, तसेच हे. म्हणजे वक्री होणे हा आपल्या जागेवरून होणारा भास आहे. पण शनीभोवती एक चंद्र असा आहे की जो भासाने नव्हे, खरोखरच उलटा फिरतो. त्याचे नाव फीबी. उत्तरेच्या बाजूने सूर्यमालेकडे पाहिले तर सगळे ग्रह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सूर्याभोवती फिरताना दिसतील. शनी स्वतःभोवतीही त्याच दिशेने फिरतो आणि टायटन, रिया, डायोनी, आयापेटस हे त्याचे मोठे चंद्रही त्याच दिशेने. फीबी मात्र काट्यांच्या दिशेने, म्हणजे देवळात आपण प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने चालते. शनीपासून सरासरी १ कोटी २९ लाख किलोमीटरवरून एक फेरी पुरी करायला तिला सुमारे ५५० दिवस लागतात. आपल्या चंद्राचे पृथ्वीपासून जे अंतर आहे, त्याच्या चौतीसपट दूर ती आहे. व्यास जेमतेम २१३ किलोमीटर, पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्याच्या लांबीएवढा. या लहानशा, काळपट गोळ्याविषयी माझे म्हणणे असे आहे की तो शनीच्या घरी जन्मलेला नाही, बाहेरून आलेला आहे. आणि तो कसा आला याचा माग काढत गेले की आजचे मोठे ग्रह जन्मापासून आहेत तिथेच होते ही समजूत सोडावी लागते.

फीबीचा शोध लागला तोही नव्या पद्धतीने. शनीचे पहिले आठ चंद्र दुर्बिणीला डोळा लावून सापडले होते. त्यांतला शेवटचा, हायपेरियन, १८४८ मध्ये. त्यानंतर पन्नास वर्षे नववा कुणाला दिसला नाही, कारण फीबीचा उजेड इतका मंद आहे की नुसत्या नजरेने ताऱ्यांच्या गर्दीतून ती वेगळी काढणे जवळजवळ अशक्य. पेरू देशात आरेकिपा या गावाजवळ हार्वर्ड विद्यापीठाचे निरीक्षण केंद्र होते. तिथल्या २४ इंची दुर्बिणीतून १८९८ च्या ऑगस्टमध्ये शनीच्या आसपासच्या आकाशाची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली गेली. पट्टी बराच वेळ उघडी ठेवली की डोळ्याला न दिसणारा मंद प्रकाशही तिच्यावर थेंबाथेंबाने साचत जातो. निरनिराळ्या रात्रींच्या पट्ट्या एकमेकींशी ताडून पाहताना विल्यम पिकरिंग यांना एक ठिपका आढळला. आजूबाजूचे तारे जागच्या जागी होते. हा ठिपका मात्र रात्रीगणिक शनीबरोबर सरकत होता. मार्च १८९९ मध्ये त्यांनी शोध जाहीर केला. छायाचित्रावरून सापडलेला हा इतिहासातला पहिला उपग्रह. पण याच पिकरिंग यांनी १९०५ मध्ये अशाच पट्ट्यांवरून शनीचा दहावा चंद्रही जाहीर केला, त्याला ‘थीमिस’ असे नावही दिले, आणि तो चंद्र पुढे कुणालाच सापडला नाही. तो नव्हताच. तीच पद्धत, तोच माणूस; एकदा खरे आणि एकदा खोटे. फीबीच्या मूळ गावाचा विचार करताना ही गोष्ट मी मुद्दाम समोर ठेवतो. एखादी खूण कितीही ठळक वाटली तरी दुसऱ्या स्वतंत्र खुणेने तिला दुजोरा मिळेपर्यंत ती नुसती शक्यताच राहते.

पहिली खूण अर्थातच उलट्या चालीची. मोठ्या ग्रहांचे जवळचे चंद्र कसे बनले याचे चित्र आता बरेच स्पष्ट आहे. ग्रह आकार घेत असताना त्याच्याभोवती वायू, धूळ आणि बर्फ यांची फिरती तबकडी असते. ती ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत असते आणि ग्रह ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरते. तिच्यातला माल एकत्र येऊन बनलेले चंद्र त्याच पातळीत, त्याच दिशेने आणि जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरणार. टायटन आणि रिया यांच्या कक्षा अगदी अशाच आहेत. फीबीची यांतली एकही गोष्ट जुळत नाही. तिची दिशा उलटी आहे. कक्षा लांबट आहे, त्यामुळे शनीपासूनचे तिचे अंतर लाखो किलोमीटरने कमीजास्त होत राहते. शिवाय ती शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत नाही. शनी ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतो त्या पातळीशी तिची कक्षा बरीच जवळची आहे. शनीचे विषुववृत्त आणि त्याची कक्षा या दोन पातळ्यांमध्ये सुमारे २७ अंशांचा कोन आहे. आणखी एक बारीक पण बोलका तपशील. आपल्या चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते, तशीच शनीच्या बहुतेक मोठ्या चंद्रांचीही एकच बाजू शनीकडे असते. फीबी मात्र सव्वानऊ तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेते. शनीच्या ओढीने तिला लगाम घालावा इतकी ती कधी त्याच्या जवळ राहिलेलीच नाही.

यावर एक आक्षेप लगेच सुचतो. ती आधी सरळच फिरत असेल आणि एखाद्या प्रचंड टकरीने तिची दिशा उलटली असेल, असे का नाही? टकरी सूर्यमालेत भरपूर झाल्या आहेत आणि फीबीच्या अंगावर त्यांच्या खुणाही आहेत. पण हिशेब जमत नाही. दोनशे किलोमीटरच्या गोळ्याची सगळी गती संपवून त्याला तितक्याच वेगाने उलट पाठवायचे, तर तेवढ्या जोराच्या धक्क्यात तो गोळा शाबूत राहणार नाही, त्याचे तुकडे होतील. आणि फीबी एकटी असती तर एखादा विलक्षण अपघात मानता आला असता. तशी ती एकटी नाही. २०२५ च्या मार्चमध्ये १२८ नव्या चंद्रांची अधिकृत नोंद झाली आणि शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ वर गेली. त्यांतले बहुसंख्य छोटे, दूरचे, कललेल्या कक्षांचे आहेत आणि त्यांतही बरेचसे उलटे फिरणारे. गुरू, युरेनस आणि नेपच्यून यांच्याभोवतीही असे घोळके आहेत. अपघात चारही घरी सारखाच घडत नसतो. तेव्हा हे चंद्र बाहेरून आले आणि अडकले असेच म्हणावे लागते. उलटे फिरणारेच जास्त का, याचेही उत्तर आहे. ग्रहापासून फार दूर गेले की सूर्याची ओढ कक्षा विसकटू लागते आणि अशा ठिकाणी उलटी कक्षा सरळ कक्षेपेक्षा जास्त टिकाऊ ठरते. येताना दोन्ही दिशांनी आले असतील, पण कोट्यवधी वर्षांनंतर दूरच्या पट्ट्यात उलटेच अधिक उरले.

मात्र ‘अडकले’ हा शब्द उच्चारायला जितका सोपा, तितकी ती क्रिया सोपी नाही. अवकाशातून येणारी वस्तू मोठ्या ग्रहाजवळून गेली की ग्रह तिला आपोआप धरून ठेवतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. तसे होत नाही. कढईच्या काठावरून गोटी सोडून पाहा. ती तळाकडे वेगाने येते आणि त्याच वेगाच्या बळावर समोरच्या काठाकडे चढते. घर्षण नसेल तर ती पलीकडच्या काठापर्यंत पोहोचेलच. आणि मुळात थोडा वेग घेऊन आली असेल तर काठ ओलांडून बाहेर पडेल. ग्रहाचे गुरुत्व ही अशीच कढई आहे. बाहेरून आलेल्या पिंडाला आत राहायचे असेल तर तळाजवळून जात असतानाच त्याचा थोडा वेग कुणीतरी काढून घेतला पाहिजे. हा वेग घेणारा कोण, हा या विषयातला खरा प्रश्न. तीन उत्तरे पुढे आली आहेत. पहिले असे की ग्रह तरुण असताना त्याच्याभोवती वायूचे विस्तीर्ण आवरण होते, त्यातून जाताना पिंडाचा वेग मोडला. यात अडचण वेळेची आहे. वायू फार दिवस टिकला तर पिंड वेग गमावत गमावत ग्रहावरच जाऊन पडेल, म्हणजे पकडल्यावर लगेच ते आवरण नाहीसे व्हायला हवे. दुसरे उत्तर जोडीचे. दोन पिंड एकमेकांभोवती फिरत आले, ग्रहाजवळ जोडी तुटली, एक बाहेर फेकला गेला आणि जाताना दुसऱ्याचा वेग घेऊन गेला. नेपच्यूनचा मोठा, उलटा फिरणारा चंद्र ट्रायटन असाच अडकला असावा, हे मत २००६ मध्ये मांडले गेले आणि मला ते फार पटणारे वाटते. तिसरे उत्तर सगळ्यांत धाडसी: मोठे ग्रहच एके काळी एकमेकांच्या जवळून गेले आणि त्या गोंधळात आसपासचे छोटे पिंड एकाच्या नाही तर दुसऱ्याच्या ताब्यात गेले. या तिसऱ्या उत्तराकडे मी परत येणार आहे. त्याआधी फीबी कुठली, हे ठरवायला हवे. कारण कक्षा एवढेच सांगते की ती परकी आहे, गाव सांगत नाही.

गाव विचारायला जवळ जावे लागते आणि तशी संधी आजवर एकदाच मिळाली. व्हॉयेजर २ यानाने १९८१ मध्ये फीबीची चित्रे घेतली, पण २२ लाख किलोमीटरवरून. त्यांत ती काही थोड्या ठिपक्यांचा एक काळसर डाग एवढीच होती. नंतर कॅसिनी यान शनीकडे निघाले तेव्हा त्याच्या वाटचालीची आखणीच अशी केली गेली की शनीभोवतीच्या कक्षेत शिरण्याच्या एकोणीस दिवस आधी, ११ जून २००४ रोजी, ते फीबीच्या पृष्ठभागापासून २,०६८ किलोमीटरवरून जावे. एकदा आत शिरल्यावर यान पुन्हा इतक्या बाहेर येणार नव्हते, म्हणून ही भेट पहिली आणि शेवटची. जे दिसले ते त्या एका दिवसाचे. पृष्ठभाग विवरांनी भरलेला, विवरात विवर. सगळ्यांत मोठ्या विवराला ग्रीक पुराणकथेतल्या जेसनचे नाव आहे आणि त्याचा व्यास सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे फीबीच्या जवळजवळ निम्मा. आपले लोणारचे विवर १.८ किलोमीटरचे, तशी पन्नासहून अधिक विवरे जेसनच्या व्यासावर ओळीने मांडता येतील. पृष्ठभाग एरवी कोळशासारखा काळा, पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम आठ टक्के परतवणारा. पण विवरांच्या उतारांकडे पाहिले की पांढरे ओघळ दिसतात. वरचा काळा थर घसरून खाली गेला आहे आणि आतला बर्फ उघडा पडला आहे, डोंगराची कडा कोसळल्यावर ताजी माती दिसावी तसा. काळे हे फीबीचे पांघरूण आहे. आत ती बर्फ आणि खडक यांची बनलेली आहे. यानावरच्या अवरक्त वर्णपटमापकाने पाण्याचा बर्फ, गोठलेला कार्बन डायऑक्साइड, कार्बनी संयुगे आणि चिकणमातीसारखी खनिजे यांच्या खुणा एकाच पिंडावर टिपल्या. ज्या लघुग्रहांचे जवळून निरीक्षण तोवर झाले होते, ते कोरडे खडकाळ दगड होते. फीबी त्यांच्या जातीची नाही हे पहिल्याच दिवशी दिसले.

त्याच भेटीत आणखी एक आकडा हाती आला आणि वाद त्याच्याभोवतीच सर्वांत जास्त झाला. फीबीच्या ओढीने यानाच्या मार्गात जो किंचित फरक पडला, त्यावरून तिचे वस्तुमान काढता आले, चित्रांवरून आकारमान. दोन्हींवरून घनता आली: दर घनसेंटिमीटरला सुमारे १.६४ ग्रॅम. पाण्याच्या बर्फाची घनता १ च्याही खाली, खडकाची ३ च्या आसपास. म्हणजे फीबीत वजनाने खडक निम्म्याहून बराच जास्त आहे. शनीचे घरचे मध्यम आकाराचे चंद्र पाहिले तर आयापेटसची घनता सुमारे १.१, रियाची १.२, टेथिसची तर जवळपास १, बहुतांशी निव्वळ बर्फ. टॉरेन्स जॉन्सन आणि जोनाथन लुनाइन यांनी २००५ मध्ये या फरकाचे कारण रसायनात शोधले. सूर्याभोवतीच्या मूळ थंड ढगात कार्बन हा कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात होता. त्याने बराच ऑक्सिजन अडवून ठेवला, त्यामुळे पाण्यासाठी कमी ऑक्सिजन उरला, बर्फ कमी बनला आणि तिथले पिंड खडकाळ झाले. प्लूटोची घनता १.८५ आहे ती यामुळेच. मोठ्या ग्रहाभोवतीच्या दाट तबकडीत मात्र कार्बन मिथेनच्या रूपात जातो, ऑक्सिजन मोकळा राहतो, पाणी भरपूर बनते आणि चंद्र बर्फाळ होतात. फीबीच्या आत थोडी पोकळी असेल असे धरले तर तिचा मूळ माल प्लूटो आणि ट्रायटन यांच्या मालाशी जुळतो. निष्कर्ष: ती नेपच्यूनपलीकडच्या थंड प्रदेशातली.

हा युक्तिवाद सुंदर आहे, पण तो एकट्याने पुरा पडत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एक तर शनीच्याच एन्सेलॅडसची घनता १.६१ आहे, फीबीच्या अगदी जवळची, आणि एन्सेलॅडस परका आहे असे त्यावरून कुणी म्हणत नाही. सरासरीने जे दिसते ते प्रत्येक चंद्राला लागू पडतेच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नेपच्यूनपलीकडचे जे पिंड फीबीएवढे आहेत, त्यांच्या मोजता आलेल्या घनता पाण्याएवढ्या किंवा त्याहून कमी निघतात. ते पोकळ, सैल रचलेले आहेत. प्लूटो जड आहे कारण तो मोठा आहे आणि स्वतःच्या वजनाने आत दबलेला आहे. मग दोनशे किलोमीटरची फीबी इतकी घट्ट कशी? याच प्रश्नावरून २०१९ मध्ये ज्युली कॅस्टिलो-रोजेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते फीबी ही काळ्या, कार्बनयुक्त ‘सी’ वर्गाच्या लघुग्रहांच्या कुळातली असावी. त्यांच्याच आधीच्या कामातून असे दिसले होते की फीबी मुळात जवळजवळ गोल होती, नंतरच्या माराने ती ओबडधोबड झाली. एवढ्याशा पिंडाला गोल व्हायचे असेल तर तो आतून ऊबदार आणि मऊ झालेला असला पाहिजे आणि ती ऊब ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाची. हे दर सात लाख वर्षांनी निम्मे होत जाते, म्हणजे सूर्यमाला बनू लागल्यावर पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच फीबी बनून तयार असायला हवी. पिंड तापला, बर्फ वितळला, पाणी खडकात मुरले, पोकळ्या बुजल्या, चिकणमाती तयार झाली. घनतेचे आणि खनिजांचे कोडे या एका गोष्टीने सुटते, म्हणून हा आक्षेप मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

पण नीट पाहिले तर हा आक्षेप फीबीला शनीच्या घरी परत नेत नाही. ‘सी’ वर्गाचे लघुग्रह आज मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असले तरी त्यांतले बरेचसे तिथे जन्मलेले नाहीत. मोठ्या ग्रहांच्या आसपास आणि पलीकडे बनून ते आत ढकलले गेले असावेत, असे आता मानले जाते. तेव्हा वाद आहे तो ‘बाहेरून किती लांबून’ एवढाच. आणि त्यावर एक स्वतंत्र खूण उपलब्ध आहे, ती पाण्याची. पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये थोडा जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, मिसळलेला असतो. बर्फ जितक्या थंड जागी तयार होतो तितके हे जड हायड्रोजनचे प्रमाण साधारणपणे वाढते. रॉजर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी कॅसिनीच्या वर्णपटांतून हे प्रमाण मोजले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. शनीच्या कड्या आणि आयापेटससारखे घरचे चंद्र यांच्या बर्फातले प्रमाण पृथ्वीवरच्या समुद्राच्या पाण्याच्या जवळपास निघाले. फीबीचे निघाले सुमारे आठपट. कार्बनच्या जड रूपाचे प्रमाणही तिच्यावर असेच वाढलेले दिसले. हे मोजमाप दुरून, परावर्तित प्रकाशावरून केलेले आहे, हातात नमुना घेऊन नव्हे, आणि त्यामुळे नेमक्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. पण फरक दहा-वीस टक्क्यांचा नाही, आठपटीचा आहे. आणि एकाच यानाने, एकाच उपकरणाने, एकाच पद्धतीने शनीचे घरचे चंद्र आणि फीबी दोन्ही मोजले आहेत. उपकरणात दोष असता तर तो दोन्हीकडे सारखाच उतरला असता. घनतेवर रुसलेल्याला एन्सेलॅडसचे उदाहरण देता येते, पाण्यावर रुसायला तसे उदाहरण नाही. कक्षा, खनिजे, घनता, पाणी: या चार खुणा एकमेकींवर अवलंबून नाहीत, तरी चारही शनीच्या घराबाहेर बोट दाखवतात आणि शेवटची तर खूप थंड प्रदेशाकडे.

आता त्या तिसऱ्या, धाडसी उत्तराकडे परत यायला हरकत नाही. दूरच्या थंड प्रदेशातला पिंड शनीपर्यंत आला, म्हणजे त्याला कुणीतरी हलवले. मोठे ग्रह आज आहेत त्याच कक्षांमध्ये स्थिर बसले होते असे धरले तर बाहेरचा साठा इतक्या मोठ्या प्रमाणात आत येण्याचे कारण सापडत नाही. २००५ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातल्या वेधशाळेशी संबंधित गटाने एक प्रतिमान मांडले. ते आज त्या शहराच्या नावानेच ओळखले जाते. त्यानुसार चारही मोठे ग्रह सुरुवातीला आजच्यापेक्षा जवळजवळ होते आणि त्यांच्या बाहेर लहान पिंडांचा दाट पट्टा होता. हळूहळू कक्षा सरकत गेल्या, एका टप्प्यावर घडी विसकटली, ग्रह एकमेकांच्या जवळून गेले आणि पट्टा उधळला गेला. डेव्हिड नेस्वॉर्नी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की अशा जवळिकीच्या क्षणी ग्रह आजूबाजूचे पिंड पकडू शकतात, वायूच्या मदतीशिवाय. वायूच्या कल्पनेपेक्षा ही कल्पना मला जास्त भक्कम वाटते, त्याचे कारण युरेनस आणि नेपच्यून आहेत. या दोघांनी गुरू-शनीच्या मानाने फारच थोडा वायू गोळा केला. तरीही त्यांच्याभोवती दूरच्या, वेड्यावाकड्या कक्षांच्या चंद्रांचे घोळके आहेतच. वायूनेच सगळी पकड केली असती तर या दोघांकडे ते जवळजवळ नसते. शिवाय वायूच्या काळात जे चंद्र अडकले असतील ते नंतरच्या ग्रहांच्या जवळिकीत सुटून गेले असते. आज दिसतात ते त्या गोंधळाचेच धरलेले असणार. प्रतिमानांचे तपशील अजून बदलत आहेत, ग्रह किती आणि कधी सरकले यावर वाद आहेत. पण ग्रह सरकले, हे विधान आता पुसता येईल असे मला वाटत नाही, आणि त्याचे साक्षीदार मोठे ग्रह नसून फीबीसारखे दगड आहेत. मोठ्या ग्रहावर त्याच्या भटकंतीची खूण उरत नाही. त्याने वाटेत उचललेल्या वस्तू मात्र कुठून उचलल्या ते सांगतात.

फीबीच्या उलट्या चालीचा एक परिणाम असा आहे की तो तिच्या शोधाच्या सव्वादोनशे वर्षे आधीच दिसला होता, फक्त कारण ठाऊक नव्हते. १६७१ मध्ये पॅरिसमध्ये जोव्हानी कॅसिनी यांना शनीच्या पश्चिमेला एक नवा चंद्र दिसला, आजचा आयापेटस. काही आठवड्यांनी तो शनीच्या पूर्वेला यायला हवा होता, तिथे तो दिसेना. पुन्हा पश्चिमेला आला की पुन्हा दिसे. कॅसिनींनी यावरून अचूक अनुमान केले: या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे, आणि त्याचे तोंड कायम शनीकडे असल्याने पूर्वेला असताना काळी बाजू आपल्याकडे येत असली पाहिजे. १७०५ मध्ये अधिक चांगल्या दुर्बिणीतून त्यांना तो पूर्वेलाही दिसला, बराच मंद. यानांनी नंतर दाखवले की आयापेटस ज्या दिशेने पुढे जातो ती त्याची पुढची बाजू काळी आहे, आणि मागची बर्फासारखी पांढरी. १९७४ मध्ये स्टीव्हन सोटर यांनी सुचवले की हा काळा माल फीबीवरून आला असावा. फीबीवर सारखे छोटे दगड आदळतात, धूळ उडते, सूर्यप्रकाशाच्या परिणामाने तिचे कण हळूहळू शनीकडे आत सरकतात. फीबी उलटी फिरते, म्हणून तिची धूळही उलटीच फिरते. आयापेटस सरळ फिरतो. म्हणजे धूळ त्याच्या समोरून येते आणि फक्त तोंडावर बसते, पावसात वेगाने चाललेल्या दुचाकीस्वाराची छाती भिजते आणि पाठ कोरडी राहते तशी.

सोटर यांच्या या कल्पनेला पस्तीस वर्षे पुरावा नव्हता. २००९ मध्ये ॲन व्हर्बिशर, मायकेल स्क्रुत्स्की आणि डग्लस हॅमिल्टन यांनी स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीतून फीबीच्या कक्षेच्या पट्ट्यात पसरलेले एक अतिविशाल धुळीचे कडे शोधले. शनीच्या नेहमीच्या कड्यांशी ते २७ अंशांनी कललेले आहे, फीबीच्या पातळीतच, आणि त्याची जाडी शनीच्या त्रिज्येच्या सुमारे चाळीसपट. ते इतके विरळ आहे की साध्या प्रकाशात दिसत नाही. दिसली ती त्या थंड धुळीची मंद उष्णता. तरीही एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे: फीबी करड्या रंगाची आहे, आयापेटसची काळी बाजू तांबूस. धूळ तिचीच असेल तर रंग का जुळत नाही? त्याचे उत्तर असे की धूळ फक्त फीबीची नाही. तिच्यासारख्या उलट्या फिरणाऱ्या इतर छोट्या चंद्रांचीही तीत भर पडते आणि त्यांतले काही तिच्याहून तांबडे आहेत. शिवाय २०१० मध्ये जॉन स्पेन्सर आणि टिलमान डेंक यांनी दाखवले की धुळीने फक्त सुरुवात करून दिली, बाकीचे काम उन्हाने केले. काळी जागा जास्त तापते, आयापेटसचा एक दिवस आपल्या ७९ दिवसांचा असल्याने तापायला वेळ भरपूर मिळतो, तिथला बर्फ वाफ होऊन उडतो आणि थंड पांढऱ्या बाजूवर जाऊन गोठतो. काळे आणखी काळे होत जाते, पांढरे आणखी पांढरे. काळा थर फारसा जाड नाही. छोटा दगड आदळला की खालचा पांढरा बर्फ दिसतो, फीबीच्या विवरांतल्या त्या ओघळांसारखाच. फीबीवरून धूळ अजूनही उडते आहे, समोरून येऊन आयापेटसच्या त्याच बाजूवर बसते आहे.